‘ब्लिझर्ड’ : एका तडाख्याची शब्दकथा

एखाद्या शब्दाची व्युत्पत्ती विचारली की आपल्याला उत्तरात बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट हवी असते : मूळ धातू, किंवा तो शब्द प्रथम उच्चारणारा माणूस. धातू मिळाला की शब्दाला कुळ मिळते. माणूस मिळाला की शब्दाला जन्मकथा मिळते. इंग्रजीतील ‘ब्लिझर्ड’ या शब्दापाशी मात्र ह्या दोन्ही अपेक्षा अडखळतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या फोनवरून, वृत्तपत्रांतून आणि अनुवादित साहित्यातून हा शब्द आता मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. आपण त्याचे भाषांतर ‘हिमवादळ’ असे करतो आणि पुढे जातो. परंतु ह्या शब्दाचा इतिहास पाहिला, तर आरंभी त्याचा हिमाशीही संबंध नव्हता आणि वादळाशीही नव्हता असे दिसते. मग तो हिमात शिरला कसा, आणि त्याचे श्रेय कोणाचे, ह्या दोन प्रश्नांचा विचार येथे करण्याचा आमचा हेतू आहे.

तुलनेसाठी आधी आपल्या घरातला शब्द घेऊ. ‘हिम’ हा शब्द थोर कुळातला आहे. संस्कृत ‘हिम’, ग्रीक ‘खेइमोन’, लॅटिन ‘हिएम्स’, रशियन ‘झिमा’, फारसी ‘झमिस्तान’ ही सगळी एकाच प्राचीन मुळाची अपत्ये आहेत. ग्रीक ‘खेइमोन’चा अर्थ हिवाळा असाही होतो आणि वादळ असाही. मराठीत गावाचे ‘ग्राम’पण आणि नावाचे ‘नाम’पण जसे ‘म’चा ‘व’ होऊन झाकले गेले, तसेच हिमाचे ‘हिंव’ झाले. ‘हिमकाल’ झिजून ‘हिवाळा’ झाला. थंडी वाजून येणाऱ्या तापाला आपण ‘हिवताप’ म्हणू लागलो. ज्या प्रदेशात बर्फ पडत नाही तेथेही हिमाचा वंश असा नांदतो आहे. अशा शब्दाची व्युत्पत्ती सांगणे म्हणजे वंशावळ वाचणे होय.

‘ब्लिझर्ड’ला अशी वंशावळ नाही. त्याची पहिली लेखी नोंद अवघी १८२९ सालची आहे. त्या वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठाच्या परिसरातून निघणाऱ्या ‘व्हर्जिनिया लिटररी म्युझियम’ या नियतकालिकात अमेरिकी शब्दांची एक यादी छापली गेली. तीत ‘ब्लिझर्ड’ हा केंटकीकडचा शब्द म्हणून आला आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे ‘जोराचा तडाखा’. पुढे १८३४ साली डेव्ही क्रॉकेट या सरहद्दीवरच्या शिकारी-राजकारण्याच्या आत्मचरित्रात तो पुन्हा भेटतो. तेथे क्रॉकेट हरणावर ‘ब्लिझर्ड’ झाडतो, म्हणजे बंदुकीची गोळी. १८३५ साली त्याच्याच नावावर प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याला जेवणाच्या मेजावर चार शब्द बोलावयास सांगतात. आपली थट्टा करण्याचा बेत दिसतो आहे असे वाटून तो त्या मंडळींना एक ‘ब्लिझर्ड’ देण्याचे ठरवतो. येथे बंदूक नाही, शब्दांचा टोला आहे. जॉन रसेल बार्टलेटच्या १८४८ च्या अमेरिकी शब्दांच्या कोशातही हा अर्थ, समोरच्याला निरुत्तर करणारी गोष्ट, असाच नोंदलेला आहे, आणि पूर्वेकडील राज्यांत हा शब्द ठाऊक नाही अशी पुस्तीही जोडलेली आहे. हवामानाचा त्यात मागमूस नाही.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘ब्लिझर्ड’ हा सरहद्दीवरच्या माणसांच्या रांगड्या, काहीशा बढाईखोर बोलीतला शब्द आहे. तो हाताने मारला जातो, बंदुकीने मारला जातो, जिभेने मारला जातो. मारणारा नेहमी माणूस असतो आणि बोलणारा बहुधा मारणाऱ्याच्या बाजूचा असतो. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत नेमकी हीच गोष्ट उलटली.

ती कशी उलटली हे समजून घ्यावयाचे तर अमेरिकेच्या मध्यावरील गवताळ मैदानांकडे वळावे लागते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने सरकारी जमीन कसू इच्छिणाऱ्यांना १६० एकरांपर्यंतचा तुकडा जवळजवळ फुकट देऊ केला. न्यू इंग्लंड, जर्मनी, नॉर्वे, स्वीडन येथून आलेली कुटुंबे आयोवा, मिनेसोटा, नेब्रास्का, डाकोटा येथे वसू लागली. बर्फ त्यांना नवा नव्हता. नवी होती ती मोकळी जमीन. उत्तरध्रुवाकडून खाली घसरणाऱ्या थंड हवेला अडवणारा डोंगर तेथे नाही, रान नाही. पिठासारखा बारीक, कोरडा बर्फ वाऱ्याबरोबर जमिनीलगत धावू लागतो आणि आकाशातून नवा कण पडो वा न पडो, पाहता पाहता समोरचे सर्व नाहीसे होते. घर आणि गोठा यांमधल्या पन्नास पावलांत माणसे वाट चुकून गोठून मेली. ह्या अनुभवाला नुसते ‘बर्फ पडणे’ किंवा ‘वादळ’ म्हणणे पुरेसे नव्हते, आणि नव्या अनुभवाला जुन्या झोळीतला एखादा शब्द देणे ही भाषेची नेहमीची रीत आहे.

शब्दाच्या ह्या स्थित्यंतराची कहाणी दीर्घकाळ एका गावाच्या नावावर होती. आयोवा राज्याच्या उत्तर सीमेजवळ एस्थरव्हिल नावाचे गाव आहे. तेथील ‘नॉर्दर्न व्हिंडिकेटर’ या वृत्तपत्राने २३ एप्रिल १८७० च्या अंकात, त्याआधीच्या मार्चमध्ये होऊन गेलेल्या भयंकर हिमवादळाच्या संदर्भात हा शब्द वापरला. तेव्हा तो एकाच ‘झेड’ने लिहिला होता आणि अवतरणचिन्हांत घातला होता. पुढच्याच आठवड्यात दुसरा ‘झेड’ आला. संपादक बेट्स यांना ह्या शब्दाचे जनकत्व देण्यात आले. गावातल्या जुन्या लोकांचे म्हणणे त्याहून रंगतदार होते : शब्द संपादकाचा नव्हेच, तो ‘लाइटनिंग’ म्हणजे ‘वीज’ या टोपणनावाच्या एलिस नामक एका विक्षिप्त गावकऱ्याचा, संपादकाने तो केवळ उचलून छापला.

ह्या आख्यायिकांचा माग घेणारा अभ्यासक योगायोगाने त्याच परिसरातला होता. ॲलन वॉकर रीड यांचा जन्म १९०६ साली एस्थरव्हिलपासून फार दूर नसलेल्या मिनेसोटातील विनेबेगो येथे झाला. ‘ओके’ या जगप्रसिद्ध शब्दाचे मूळ शोधणारे म्हणून त्यांचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले. परंतु ‘ब्लिझर्ड’वरचा त्यांचा लेख १९२८ सालचा, म्हणजे विशी नुकतीच ओलांडलेली असतानाचा आहे. तो ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जुन्या अंकांच्या फायली चाळून, गावकऱ्यांच्या आठवणी टिपून त्यांनी एस्थरव्हिलच्या छापील वापराचा पुरावा पुढे ठेवला.

येथे कहाणी संपली असती तर शब्दाला जन्मगाव मिळाले असते. परंतु रीड यांच्या लेखानंतर चारच वर्षांनी, १९३२ साली, कॅन्ससच्या इतिहासविषयक त्रैमासिकात एका सैनिकाची जुनी दैनंदिनी छापली गेली. तीत १ डिसेंबर १८५९ च्या नोंदीत, मध्यरात्री सैनिकांच्या तळावर कोसळलेल्या संकटाला ‘ब्लिझर्ड’ म्हटलेले आहे. थंडीने गारठून उठूच न शकलेले सात घोडे गोळ्या घालून मारावे लागले, असे तो सैनिक लिहितो. एस्थरव्हिलच्या अंकाहून ही नोंद दहा वर्षांहून अधिक जुनी. आम्हांला तिच्या तारखेपेक्षाही तिचा सूर महत्त्वाचा वाटतो. संपादकाने शब्द अवतरणचिन्हांत ठेवला. सैनिकाने तो साध्या, रोजच्या शब्दासारखा लिहिला. त्याला अर्थ फोडून सांगण्याची गरज वाटली नाही. याचा अर्थ १८५९ च्या डिसेंबरात निदान त्या तळावर तरी हा शब्द ह्या अर्थाने कोणाला नवा नव्हता. पहिली छापील नोंद आणि पहिला उच्चार यांत गल्लत करू नये, हा शब्दाभ्यासाचा पहिला धडा येथे अगदी स्वच्छ दिसतो. छापखाना ज्याच्या हाती, त्याच्या नावावर शब्द चढतो. शब्द घडवणारी तोंडे बहुधा निनावीच राहतात.

जनक असा हातातून निसटल्यावर अभ्यासक धातूकडे वळले. तेथेही तर्कांची रेलचेल आहे. जर्मन ‘ब्लिट्झ’ म्हणजे वीज, त्यावरून हा शब्द आला असावा, असा अंदाज १८२९ च्या यादीतच केलेला आहे आणि पुढे आयोवातील जर्मन वसाहतींच्या आधाराने तोच पुन्हा मांडला गेला. फ्रेंच ‘ब्लेसे’, म्हणजे जखमी करणे, हेही मूळ सुचवले गेले. इंग्लंडमध्ये ‘ब्लिझर्ड’ हे आडनावच आहे. लंडनमधले नामांकित शल्यविशारद सर विल्यम ब्लिझर्ड हे १८३५ साली, म्हणजे शब्दाला बर्फाचा स्पर्श होण्यापूर्वीच, वारले. पण यांपैकी एकही दुवा पुराव्याच्या बळावर जोडता येत नाही. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनी १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या भागात फ्रेंच मूळ नाकारले आणि हा शब्द बहुधा ध्वन्यनुकारी असावा असे मत दिले. ‘ब्लो’, ‘ब्लास्ट’, ‘ब्लस्टर’ ह्या फुंकर, झोत, घोंघावणे सुचवणाऱ्या शब्दांच्या मेळ्यात कानाला तो सहज बसतो, इतकेच.

‘ध्वन्यनुकारी’ हे उत्तर अनेकांना पळवाटेसारखे वाटते. मूळ सापडले नाही म्हणून आवाजावर ढकलले, असा संशय येतो. आमच्या मते मराठी वाचकाला तरी असा संशय येण्याचे कारण नाही, कारण हीच वाट आपल्या भाषेने स्वतंत्रपणे चाललेली आहे. ‘कडाका’ हा शब्द पाहावा. फांदी कडकन मोडते, वीज कडाडते, ढगांचा कडकडाट होतो. ह्या आवाजातून ‘कडाका’ निघाला. मग ‘कडाक्याचे भांडण’ झाले, म्हणजे आवाज शब्दांच्या मारामारीत शिरला. आणि शेवटी ‘थंडीचा कडाका’ आला, जेथे आवाज मुळीच नाही. कडाक्याची थंडी तर निःशब्द असते. क्रॉकेटने जेवणाच्या मेजावर दिलेला ‘ब्लिझर्ड’ आणि कॅन्ससच्या सैनिकावर कोसळलेला ‘ब्लिझर्ड’ यांच्यातले अंतर आपण ‘कडाक्याचे भांडण’ आणि ‘कडाक्याची थंडी’ म्हणताना नकळत रोज ओलांडतो. ‘तडाखा’ तसाच : आधी हाताचा, मग उन्हाचा, मग वादळाचा. पाऊस आपल्याला झोडपतो. गारपिटीतली ‘पीट’ पिटण्याचीच आठवण देते. ह्या शब्दांचा ‘ब्लिझर्ड’शी कसलाही रक्तसंबंध नाही. परंतु हवामान असह्य झाले की माणसाला ते ‘पडल्या’सारखे वाटत नाही, ‘मारल्या’सारखे वाटते, आणि मग दोन दूरच्या भाषा एकाच प्रकारच्या शब्दाकडे हात नेतात, एवढे यातून निश्चित दिसते. आम्ही मघाशी म्हटलेली उलथापालथ ती हीच. शब्द तोच राहिला. मारणारा माणूस मार खाणारा झाला.

१८८०-८१ चा हिवाळा ह्या शब्दाच्या प्रसाराचा काळ. ऑक्टोबरातच सुरू झालेल्या त्या हिवाळ्यात डाकोटातील रेल्वे महिनोन् महिने बंद पडली. लॉरा इंगल्स वाइल्डर यांची १९४० साली प्रसिद्ध झालेली ‘द लाँग विंटर’ ही कादंबरी याच हिवाळ्याची आहे. पूर्वेकडच्या वृत्तपत्रांनी तेव्हा हा शब्द उचलला. ‘द नेशन’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने १८८१ साली हा शब्द राष्ट्रीय होण्याच्या मार्गावर असल्याचे भाकीत केले, आणि निवाऱ्याबाहेर ज्याला तोंड देता येत नाही असे हिमवाऱ्याचे वादळ, असा त्याचा अर्थही सांगितला. कोशाचा शिक्का बसला तो वर सांगितल्याप्रमाणे मार्च १८८७ मध्ये.

त्यानंतर दहाच महिन्यांनी, १२ जानेवारी १८८८ रोजी, ह्या शब्दाला त्याचा आजचा भार प्राप्त झाला. त्या दिवशी सकाळी मैदानी प्रदेशात अनपेक्षित ऊब होती. मुले जाड कपडे घरी ठेवून शाळेत गेली, शेतकरी गुरे घेऊन लांबवर गेले. पुष्कळ ठिकाणी वादळ आले ते शाळा भरलेली असताना किंवा सुटण्याच्या सुमारास. मृतांचा आकडा साधारणपणे २३५ असा दिला जातो; त्यांत मुले पुष्कळ होती, म्हणूनच इतिहासात त्याला ‘शाळकरी मुलांचे ब्लिझर्ड’ म्हणतात. नेब्रास्कातील मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने आपल्या विद्यार्थ्यांना सुखरूप बाहेर काढले. तिच्यावर त्याच वर्षी गाणे छापले गेले. गाण्यात वाचलेली मुले तेरा आहेत. अन्य वृत्तांतांत हा आकडा बदलतो. त्याच राज्यातील लोइस रॉइस या शिक्षिकेने तीन मुलांना हाकेच्या अंतरावरील आपल्या बिऱ्हाडी नेण्याचा प्रयत्न केला. वाट सापडली नाही. रात्रभर तिने त्यांना आपल्या अंगाशी धरले. तिन्ही मुले गेली आणि तिचे पाय कापावे लागले. शब्दाच्या इतिहासात जसा संपादक पुढे येतो आणि सैनिक मागे राहतो, तसे घटनेच्या इतिहासातही एका शिक्षिकेचे गाणे होते आणि दुसरीचे होत नाही.

शब्दाच्या दृष्टीने ह्या दिवसाला आणखी एक बाजू आहे. अमेरिकेत हवामानाचे काम त्या वेळी लष्कराच्या सिग्नल खात्याकडे होते. त्या खात्याने त्या रात्रीसाठी थंडीची लाट येणार असल्याचा आणि बर्फ वाऱ्याने लोटले जाणार असल्याचा इशारा दिलाही होता. थंडीच्या लाटेची खूण म्हणून मध्यभागी काळा चौकोन असलेला पांढरा झेंडा उभारण्याची पद्धत होती. पण तार जेथवर जात होती तेथवरच इशारा जात होता. मैलोन् मैल पसरलेल्या शेतांवर ना तार होती ना झेंडा. ज्या लोकांच्या तोंडी ‘ब्लिझर्ड’ हा शब्द घडला होता, त्यांच्यापर्यंत ब्लिझर्डची वार्ता पोहोचली नाही. नाव असणे आणि सूचना असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपण भाषेच्या सामर्थ्याविषयी उत्साहाने बोलतो तेव्हा हे अंतर ध्यानात ठेवणे बरे.

दोनच महिन्यांनी, ११ ते १४ मार्च १८८८ ह्या दिवसांत, न्यूयॉर्कसह ईशान्य किनाऱ्यावर वादळ आले. न्यूयॉर्कमध्ये सुमारे २१ इंच बर्फ पडले, तारा तुटल्या, रेल्वे अडल्या. एकूण सुमारे ४०० माणसे मेली. माजी सिनेटर रॉस्को काँकलिंग त्या वादळातून पायी निघाले, आजारी पडले आणि एप्रिलमध्ये वारले. क्यूबाचा कवी होसे मार्ती तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहत होता. त्याने स्पॅनिश वाचकांसाठी ह्या आपत्तीचे वर्णन लिहिले. नंतर शहरातल्या तारा जमिनीखाली घालण्याच्या कामाला गती आली. बार्टलेटने जो शब्द पूर्वेला अज्ञात म्हणून नोंदला होता, तो चाळीस वर्षांत पूर्वेच्या महानगरात येऊन बसला. मार्च १८९१ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील वादळालाही तेथील लोकांनी हेच नाव दिले. १९१५ साली डग्लस मॉसन यांनी अंटार्क्टिकावरील आपल्या मोहिमेच्या ग्रंथाला ‘द होम ऑफ द ब्लिझर्ड’ असे नाव दिले, आणि केंटकीकडचा ठोसा दक्षिणध्रुवाच्या परिसरात पोहोचला.

शेवटी शास्त्राने त्याला मोजमापात बसवले. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या आजच्या व्याख्येनुसार ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, किंवा त्याहून अधिक वेगाचा वारा हवा; उडणाऱ्या वा पडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलापलीकडचे दिसता कामा नये; आणि ही स्थिती निदान तीन तास टिकली पाहिजे. आकाशातून नवे बर्फ पडलेच पाहिजे अशी अट नाही. जमिनीवरचे बर्फ उडाले तरी पुरे. किती थंडी हवी याचाही आकडा आता त्यात नाही. येथे भाषांतरकाराने थांबावे. आपल्या ‘हिमवादळ’ या सामासिक शब्दात हिम अग्रभागी आहे. मूळ शब्दाच्या इतिहासात आघात अग्रभागी आहे आणि व्याख्येत वारा आणि न दिसणे. ‘हिमवादळ’ हा प्रतिशब्द चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु कथेतील माणूस गोठ्यापर्यंत का पोहोचू शकला नाही, हे त्या शब्दातून विद्यार्थ्याला कळत नाही. ते शिक्षकालाच सांगावे लागते.

एक गोष्ट राहिली. ह्या मैदानांवर शब्द नव्हता असे म्हणताना आपण वसाहतकारांच्या भाषेपुरतेच बोलत असतो. लाकोटा लोक तेथे आधीपासून होते. त्यांच्या भाषेत ‘वानियेतू’ म्हणजे हिवाळा आणि वर्षही. एकेका वर्षाला एकेक चित्र, अशा क्रमाने त्यांनी कातड्यावर आपला इतिहास राखला. त्या आलेखांना ‘हिवाळ्यांची गणना’ असेच म्हणतात. ऋग्वेदातही ‘हिम’ हा शब्द वर्ष या अर्थाने येतो. जो हिवाळ्यातून तगला त्याचेच वर्ष पुरे झाले, ही जाणीव दोन्हीकडे आहे. एस्थरव्हिल की कॅन्सस हा वाद ज्या भूमीवर झाला, तिला त्या थंडीची ओळख कितीतरी जुनी होती.

तेव्हा वर्गात ‘ब्लिझर्ड’ची व्युत्पत्ती सांगण्याची वेळ आली, तर एलिसची गोष्ट जरूर सांगावी, ती गोड आहे. मात्र ती आख्यायिका म्हणून सांगावी, आणि तिच्या शेजारी ते सात घोडे आणि त्या सैनिकाची साधी नोंद ठेवावी. ह्या शब्दाचा धातू सापडत नाही, जनक सापडत नाही. सापडतो तो तडाखा, आणि तो खाणाऱ्यांची भाषा. आमच्या मते शब्दाच्या इतिहासाकडून याहून अधिक मागण्याचे कारण नाही.